चित्रावरचा हात

मले सही करता येते. हे पयलेच सांगून ठेवतो, नाई तं मांगून लोकं काहीबाही सांगतात. मैना देवमन खडसे, अशी अख्खी सही. काना-मात्रा काही सुटत नाई. चवदा वर्सामांगं गावात साक्षरतेचे वर्ग लागले होते, तवा मी नवी सून होती. महिनाभर पाटीवर नावच गिरवलं. मंग एक दिवस साहेब आले, आमच्या सह्या घेतल्या आन् गावाच्या येशीवर पाटी लागली का हे गाव पूर्न साक्षर हाये. पाटीवर तसंच लिहेल हाये म्हनतात. मले वाचता येत नाई, लोकायनं सांगितलं म्हून माईत.

माह्यासाठी सही म्हंजे दारातली रांगोळी. ठिपका कुठून घ्याचा, कुठी वळाचं, कुठी थांबाचं, हे हाताले माईत हाये, डोक्याले नाई. पन ह्या सहीनंच मी गावच्या शिक्षन समितीची अध्यक्ष झाली. सरपंच म्हने, यंदा बाईच पायजे, आन् सही येते अशी पायजे. बाकीच्या बाया लाजून मांगं सरल्या. मी नाई सरली. लाजाचं काय त्यात.

माही एकच लेक, पौर्निमा. चवथीत होती. साऱ्या गावात तिचं नाव होतं का पोरगी वाचनात भल्ली हुशार हाये. आमी कापूस येचत असलो का दुपारची भाकर खाऊन संगं येचनारी बिस्मिल्लाबी तिले म्हनाची, "पढ बेटा, कुछ पढ." आन् पौर्निमा पुस्तक उघडून धडेच्या धडे म्हनाची. कुठी अडकाची नाई. बिस्मिल्लाबी मले म्हनाची, "इसको तो मास्टरनी बना, मैना." मी वरून म्हनाची, कायची मास्टरनी वो, आन् आतून माहा ऊर भरून याचा.

आता इचारसान, चवथीतली पोरगी दुपारी वावरात काय करून राहिली होती? येचून राहिली होती, दुसरं काय. त्या वर्सायमंदी आमच्या चांदूर बाजाराकडं येचाले मानूस भेटत नव्हता, आन् बोंड फुटलं का कोनासाठी थांबत नाई. दसऱ्यापासून संकरांतीपर्यंत पौर्निमा माह्या संगं वावरात असाची. दुसरीत तसं, तिसरीत तसं, चवथीतबी तसंच. म्याच शाळेत जाऊन धर्मपाल सरायले सांगितलं होतं, "सर, हजेरी लावून देजा, पोरीचं नाव कटाले नोको." सर म्हने, "घरी अभ्यास घ्याल ना?" मी म्हटली, "घेईन ना." त्यायनं मानलं, म्याबी बोलून मोकळी झाली.

धर्मपाल सर मानूस चांगला. चांदूर बाजारावरून फटफटीवर येत, येळेच्या आंधी येत. पन शाळेत वर्ग चार आन् मास्तर दोन, त्यातला एक त्या वर्सी सर्वेत गेलेला. शेतकरी जीव देऊन राहिले होते म्हून सरकारची मानसं घरोघरी फिरून लिहून घेऊन राहिली होती का कोनाच्या घरचा मानूस जेवत नाई, कोन बोलत नाई, कोन एकटाच बसून राहते. त्यातच दुसऱ्या गुरुजीले जुंपलं होतं. चारी वर्ग एकट्या सरायच्या गळ्यात. एका वर्गाले शिकवत तं बाकी तीन वर्ग पुस्तक उघडून एका सुरात धडा म्हनत. रस्त्यावरून जानाऱ्याले वाटे, काय शाळा चालून राहिली बावा.

माघ महिन्यातली गोठ. मंगळवारी सर कागद घेऊन घरी आले. म्हने, "मैनाबाई, शुक्रवारी साहेब येणार आहेत. आपली शाळा वाचनात शंभर टक्के जाहीर होणार. समितीच्या अध्यक्षांनी लिहून द्यायचं आहे, की प्रत्येक मुलाचं वाचन मी स्वतः ऐकलं. तुमची सही लागेल."

"मंग आयकू द्या ना," मी म्हटली. "माह्याच पोरीपासून सुरू करतो."

मी मजाकमंदी म्हटलं होतं. सर हासले नाई. मले तवाच समजाले पायजे होतं.

सर गेले. मी आंगनात शेवटच्या येच्याचा कापूस निवडत बसली. वारं सुटलं होतं. पौर्निमा शाळेतून आली, तं तिले म्हटलं, "बस अठी. तुही माय आज साहेब झाली. वाचून दाखव." ती खुश होऊन बसली. नदीत आंघोळ करनाऱ्या हत्तीचा धडा तिनं उघडला. वर हत्तीचं मोठं चित्र, खाली अक्षरं. पोरगी सुरू झाली. वाऱ्यानं पान उडाले लागलं म्हून म्या हात ठेवला पानावर. माहा पंजा बरोबर हत्तीवर बसला.

पौर्निमा थांबली.

"वाच ना."

"हात काढ ना माय."

"काहून? अक्षरं तं मोकळी हायेत. हत्तीच झाकला."

ती माह्या हाताकडं पाहाले लागली. म्या हात काढला, तं पोरगी नळ सोडल्यावानी सुरू. जठी थांबली होती, तठून पुढं. म्या पान उलटलं. दुसरा धडा, चित्रात झाडाखाली बसेल मानसं. म्या हात ठेवला. पोरगी चूप. तिसरं पान उघडलं. पुना हात ठेवला. पुना चूप.

म्या पुस्तक मिटलं. हे असं काय होते ते दुसऱ्या कोन्या मायले समजलं नसतं. मले समजलं, कारन माही सही तशीच हाये. मैनातला एक तुकडा कोनी अलग लिहून देला तं मले तो वळखू येत नाई. पोरीनं धडेच्या धडे रांगोळीसारखे पाठ केले होते, चित्र पाहून सुरू कराची आन् शेवटपर्यंत जाची. वाचता तिले एक शब्द येत नव्हता.

"कोनाले माईत हाये?" म्या इचारलं.

"गजालाले." गजाला म्हंजे बिस्मिल्लाबीची नात, हिची जिवाची मैत्रीन. "ती माह्या कानात सांगते, मंग मी पाठ करतो."

"आन् सर?"

"सर म्हनतात, संगं म्हना. मी सगळ्यायपेक्षा जोरानं म्हनतो."

तळपायाची आग मस्तकात गेली. हात उचलला म्या. पन तो तसाच वर राहिला. कोनाले मारू? त्या पोरीचे बोटं पाहा, बोंडाच्या काट्यायनं सोललेले. ते बोटं पुस्तकावर फिराचे दिवस होते, आन् म्या ते कापसात घातले. हात खाली आनला आन् तोच कपाळाले लावला.

पौर्निमा रडाले लागली. "सांगू नको ना माय. मंग मले चवथीतच ठेवतीन. गजाला एकटी जाईन." पाचवीची शाळा नदीच्या पलीकडं, येष्टीनं जा लागे. दोघीयनं कोन्या शिटावर बसाचं तेबी ठरवलं होतं. माह्या नवऱ्यानं, देवमननं, पोरीले नवा डरेस शिवून आनला होता, तो खुटीले टांगेल होता. मी त्या डरेसकडं पाहू शकली नाई.

मंग माहं बसनं-उठनं गेलं. पानी आनाले विहिरीवर गेली तं बादली तठीच इसरली. भाजीत मीठ दोनदा टाकलं. देवमननं घास थुकला आन् इचारलं, काय झालं. सांगितलं. माहा नवरा गरीब मानूस हाये, पन त्याले भानगड नको असते. म्हने, "करून टाक सही. आपल्याच पोरीची नाचक्की कायले करतं? पाचवीत गेली म्हंजे तठचे मास्तर पाहून घेतीन."

"तठचे म्हनतीन, चवथीच्यायनं पाहाले पायजे होतं."

"मंग तू पाहाले पायजे होतं."

हे त्यानं रागानं म्हटलं नाई, म्हूनच जास्त लागलं.

बुधवारी सकाळी शाळेत गेली. प्रार्थना झाली होती. सर म्हने, "बसा, मैनाबाई."

"बसत नाई. पौर्निमाले वाचता येत नाई, हे तुमाले माईत होतं का नाई?"

सरायनं पोरायले बाहेर खेळाले पाठवलं. मंग म्हने, "होतं."

"आन् मले सांगितलं नाई?"

"सांगितलं नाही?" सर उठले, कपाटातून प्रगतिपुस्तकं काढली, आन् पौर्निमाचं माह्यापुढं आपटलं. एवढ्या वर्सात त्यायचा आवाज असा चढलेला म्या आयकला नव्हता. "हे बघा. दुसरी. वाचनात कच्ची आहे, घरी रोज सराव घ्यावा. तिसरी. अक्षरओळख नाही, पालकांनी शाळेत येऊन भेटावं. चौथी, सहामाही. तेच. आणि प्रत्येकाखाली ही सही कोणाची आहे?"

माही होती. मैना देवमन खडसे. सुरेख, काना-मात्रेसकट.

मी आता बसली. दरसाल प्रगतिपुस्तक घरी ये. मी पौर्निमाले म्हनाची, सरायनं काय लिहेल हाये, वाच. पौर्निमा म्हनाची, हुशार हाये म्हनतात. मी सही कराची. तिलेबी वाचता येत नव्हतं, मलेबी नाई. दोघी मायलेकी त्या कागदाकडं पाहून खुश होत होतो.

"सर," मी म्हटली, "मले वाचता येत नाई."

सरायनं माह्याकडं असं पाह्यलं का जसं मी दुसरीच कोनी बाई हावो. "पण तुमची सही..."

"सहीच येते."

"मी समजलो, तुम्हाला येतं," सर म्हने. "तुम्ही म्हणालात, घरी घेईन. सही पाहून वाटलं, ही आई तरी घरी पाहत असेल. मग मी ज्यांच्या घरी कोणीच नाही, त्यांच्याकडं जास्त पाहिलं."

आंधळं दळते आन् कुत्रं पीठ खाते म्हनतात, तसं झालं होतं. मी म्हनो शाळा पाहून राहिली, शाळा म्हने घर पाहून राहिलं. आन् पोरीकडं कोनीच पाहून नव्हतं राहिलं. सरायनं मंग हजेरीबी उघडली. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, सगळी हजर. म्हने, "ही हजेरी मी कोणाच्या शब्दावर लावली?" म्या म्हटलं, माह्या. त्याच्यावर भांडन तरी काय कराचं.

"अशे किती हायेत?" म्या इचारलं.

"बावीसमधले सात."

"मंग शंभर टक्के कसं?"

सर खिडकीतून बाहेर पाहाले लागले. "झाकली मूठ सव्वा लाखाची, मैनाबाई. शाळा मागं पडली, की लोक पोरं काढून दुसरीकडं घालतात. पट घसरला, की गेलेला मास्तर परत देत नाहीत. मग मी एकटाच. सातचे चौदा होतील. मला ते सात दिसत नाहीत असं समजू नका. मलाही जेवण गोड लागत नाही."

मानूस खोटं बोलत नव्हता, हेच वाईट होतं. खोटं बोलला असता तं मी भांडून मोकळी झाली असती. गुरवारचा दिवस मी नुसती फिरली. वावरात गेली, काम नव्हतं, तरी धुऱ्याच्या बांधावर बसून आली. बिस्मिल्लाबीच्या घरी गेली, चहा पेली नाई, वापस आली. सही केली तं पोरगी पाचवीत जाते, येष्टीत बसते, आन् एक दिवस तठच्या वर्गात उभी राहते, पुस्तकात चित्र नसते. मंग ती शाळा सोडते आन् वावरात येते, आन् माह्यासारखी सही करते. नाई केली तं आजच साऱ्या गावात तिची इज्जत जाते, माह्या हातानं. काहीबी केलं तरी माहंच लेकरू रडनार होतं.

शुक्रवारी मांडव टाकला. साहेब आले, हार झाले. हिरव्या रंगाची नवी पाटी टेबलाले टेकवून ठेवली होती. सारं गाव जमलं. सरपंच म्हने, आंधी आमची पौर्निमा वाचून दाखवन. पोरगी उठली, हत्तीचं पान उघडलं आन् खडाखडा सुरू झाली. शेवटच्या वाक्याले टाळ्या पडल्या. तिनं माह्याकडं पाह्यलं. डोळ्यानंच म्हनत होती, सांगू नको.

साहेबानं कागद माह्यापुढं सरकवला, पेन देला. सारे पाहून राहिले. म्या पेन घेतला, सहीतला पयला वळसा काढला, आन् हातच थांबला.

"साहेब, मले खडू पायजे."

"खडू कशाला? इथंच करा सही."

"देता का घेऊ?"

म्या खडू घेतला, फळ्यापाशी गेली आन् अख्खी सही केली. मोठी, साऱ्यायले दिसन अशी. लोकायनं टाळ्या वाजवल्या. वाटलं असन, बाई हौशी हाये.

"आता पुसा," मी म्हटली. "आन् यातलं कोनतंबी एक अक्षर अलग लिहा. म्या नाई पाहत." म्या तोंड फिरवलं. साहेबानं हासत हासत लिहिलं. म्या वळून पाह्यलं. त्या फळ्यावर एक आकार होता, म्या जन्मात न पाह्यलेला.

"हे कोनतं अक्षर हाये, मले माईत नाई," मी म्हटली.

मांडवात कोनी तरी खी-खी केलं. मंग तेबी थांबलं.

"चवदा वर्सापासून येशीवरच्या पाटीत मी साक्षर हाये. सही घेतली, मोजलं आन् गेले. पुना कोनी इचारलं नाई का मैनाबाई, वाचता येते का. माह्या पोरीच्या प्रगतिपुस्तकात सर लिहून लिहून थकले, म्या खाली सही केली. वाचलं नाई, कारन वाचताच येत नाई. आजबी या कागदावर तुमी काय लिहेल हाये ते मले दिसत नाई. सहीनं माहं एवढं वाटोळं झालं, आता हिचं होऊ देत नाई. मी सही करत नाई." मंग मी धर्मपाल सरायकडं पाह्यलं. "किती लेकरायले वाचता येते, ते सरायले इचारा. ते खरं सांगतीन."

एवढं बोलली आन् खडू टेबलावर ठेवला. सर उभे राहिले. घामानं कॉलर भिजली होती. त्यायनं साहेबाकडं नाई, पोरायकडं पाह्यलं.

"पंधरा," सर म्हने. "सात राहिले आहेत, साहेब. त्या सातांना मी यंदा पुढं पाठवत नाही."

साहेब चहा न घेता गेले. पाटी कपाटामांगं, भिंतीकडं तोंड करून ठेवली. सरायले नोटीस आली. सरपंच मले म्हने, गावाची शोभा केली बाई तू. देवमन दोन दिवस नीट बोलला नाई, तिसऱ्या दिवशी मीच बोलली, "यंदापासून पोरगी वावरात येनार नाई."

"मंग येचन कोन?"

"मी आन् तू. जेवढं येचलं तेवढं आपलं. बाकीचं वाऱ्याचं."

पन पौर्निमा काही केल्या माने ना. त्या सातात आपन हावो, हे तिले समजलं होतं, साऱ्या गावालेबी समजलं होतं. तिनं खुटीवरचा डरेस काढून पेटीत तळाशी दाबला. माह्याशी बोलनं बंद. सोमवारी सकाळी गोधडीतून उठलीच नाई. म्हटलं, शाळा हाये. तिनं तोंडावर गोधडी घेतली.

"तू नाई जात तं मी जातो," मी म्हटली आन् निंगाली.

चवथीच्या वर्गात पोरायच्या बसाच्या पट्टीवर जाऊन बसली. गुडघे दुखत होते, मांडी घालता ये ना. पोरं हासली. सरायनं एक पुस्तक आनून माह्यापुढं ठेवलं आन् फळ्याकडं गेले. मी पुस्तक धरून बसली. दाही बोटं जड झाली होती. कापसाचं ओझं डोक्यावर घेऊन कोसभर चालली असन मी, पन एवढी दमली नव्हती.

मधल्या सुट्टीत दारात पौर्निमा दिसली. केस इस्कटेल, डोळे सुजेल.

"घरी चाल ना माय. सारे हासून राहिले."

"हासू दे. मले हे वाचून दाखव, मंग येतो."

"मले येत नाई." हे तिनं साऱ्या पोरायपुढं म्हटलं, गजालापुढं म्हटलं. पयल्यांदाच.

"मलेबी नाई," मी म्हटली.

तिनं चपला दारातच काढल्या. मंग आली, माह्या बाजूले पट्टीवर बसली, पन आंग चोरून. म्या पान उघडलं. मले काय समजते, वर हत्ती दिसला. मी म्हटली, "हे पाय, हत्ती."

पौर्निमानं तिचा हात उचलला आन् हत्तीवर ठेवला. बोटायवरचे काट्याचे घाव अजून भरले नव्हते.

"चित्राकडं पाहू नको," ती म्हने. "खाली पाहा."

सर येऊन आमच्यापुढं उकिडवे बसले. त्यायनं पयल्या अक्षरावर बोट ठेवलं. मंग आमी दोघीबी खाली पाहाले लागलो.